पेशीत बिऱ्हाड

मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. नांदेडहून निघाले की मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर, मग गोदावरीचा पूल, निजामाबाद आणि त्यापुढे डिचपल्ली. मराठवाड्याच्या इतिहासात या छोट्या स्टेशनाचे नाव सहसा येत नाही. यायला हवे. १९१५ मध्ये इझाबेल केर या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी तिथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले. राजा नरसा गौड या धनिकाने त्यासाठी मोठी देणगी दिली. मिशनची डॉक्टर, हिंदू दाता आणि निजामाचे राज्य. नांदेड, बिलोली, देगलूर तेव्हा त्याच राज्यात होते आणि तिथल्या माणसाला पुण्या-मुंबईपेक्षा डिचपल्ली कितीतरी जवळ.

त्या काळी महारोग्याची वाट ठरलेली असे. बोटे वाकडी झाली, तळपायाला जखम पडली की तो आधी घरात वेगळा बसे, मग गावाबाहेर, आणि शेवटी एखाद्या तीर्थाच्या पायरीवर. देवीचा कोप, पूर्वजन्मीचे पाप, बिघडलेले रक्त, अशी कारणे सगळ्यांना तोंडपाठ होती. खरे कारण मात्र नॉर्वेत १८७३ मध्येच सापडले होते. बर्गेनच्या डॉ. आर्मावर हान्सेन यांनी रुग्णाच्या गाठींत काठीसारखे सूक्ष्म जंतू पाहिले. ते गाठींतल्या पेशींच्या आत होते. या ‘आत’चा अर्थ कळायला पुढची शंभर वर्षे गेली, आणि कुष्ठरुग्णांच्या वाट्याला आलेल्या कायद्यांचा, उपचारांचा, चुकांचा बराचसा इतिहास त्याच ‘आत’भोवती फिरतो.

हान्सेन यांच्याही आधीची एक गोष्ट आहे. त्यांचे वरिष्ठ आणि पुढे सासरे झालेले डॉ. डॅनियल डॅनियलसेन हा रोग आनुवंशिक मानत. तो लागत नाही हे दाखवायला त्यांनी रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःच्या अंगात टोचून घेतला. काही झाले नाही. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण अनुभव खोटा नव्हता. हान्सेन यांनी जंतू शोधल्यावर तो रोग लावतो हे सिद्ध करण्यासाठी एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिची संमती न घेता दुसऱ्या प्रकारच्या कुष्ठाचा अंश टोचला. १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी धरले आणि रुग्णालयातले पद गेले. जंतू होता, पण तो प्रयोगशाळेत वाढेना आणि टोचला तरी रोग होईना.

असा लाजाळू जंतू एकीकडे आणि जगभर पसरलेली भीती दुसरीकडे. हवाईच्या मोलोकाई बेटावर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले आणि युरोपात घबराट उडाली. हिंदुस्थानात लाखो महारोगी आहेत, ते साम्राज्यभर रोग नेतील, असे लेख छापून येऊ लागले. १८९०-९१ मध्ये कुष्ठरोग आयोग देशभर हिंडला. त्याने लिहिले की हा रोग संसर्गाने पसरतो खरा, पण त्याचे प्रमाण अगदीच थोडे आहे. लंडनमध्ये हे अनेकांना रुचले नाही. १८९७ च्या बर्लिन परिषदेने रुग्णांना वेगळे ठेवण्याची शिफारस केली आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात महारोग्यांचा कायदा आला. भीक मागणाऱ्या गरीब रुग्णाला पोलिसांनी धरून आश्रमात पाठवावे, असे त्यात होते. मुंबईत तर कायद्याच्या आधीच, १८९० मध्ये, महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला असा आश्रम उभारला होता. (हेच ॲक्वर्थसाहेब शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे. मराठी वाचकाला ते एका कामासाठी आठवतात, माटुंग्याला दुसऱ्या.)

मूळ कायद्यात महारोगी कुणाला म्हणावे याची खूण होती ती वाहत्या जखमेची. आज हे वाचताना चमत्कारिक वाटते. जखम होते नस मेल्यामुळे. चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि मग पाय सडतो. अशा रुग्णांपैकी अनेकांच्या अंगात जंतू नावालाच असतात. उलट ज्याच्या अंगात जंतूंचा सुळसुळाट असतो त्याच्या त्वचेवर कित्येकदा वर्षानुवर्षे एकही जखम नसते. कानाची पाळी जरा जाड दिसते, भुवया विरळ होतात, एवढेच. कायद्याने भिकाऱ्याला पकडले आणि जंतू पसरवणारा बाजारात मोकळा हिंडत राहिला. निजामाच्या राज्याला हा कायदा थेट लागू नव्हता, पण रूढीला कायद्याची गरज कुठे असते?

डिचपल्लीला उपचार होता कडू कवठाच्या जातीच्या झाडांच्या बियांच्या तेलाचा, म्हणजे चालमोग्र्याचा. आपल्याकडे ते तेल वैद्यांना जुन्या काळापासून माहीत होते. पोटातून घेतले की उलट्या होत, म्हणून कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत लिओनार्ड रॉजर्स आणि नंतर अर्नेस्ट म्यूर यांनी त्याची इंजेक्शने तयार केली. ती दुखत, गळवे होत, आणि गुण आला तर सुरुवातीच्या रुग्णांनाच. तरीही लोक आपणहून येऊ लागले, कारण पहिल्यांदाच कुणीतरी ‘औषध’ म्हणत होते.

१९२० च्या दशकात डिचपल्लीला डॉ. जॉन लो हे तरुण डॉक्टर काम करत. पुढे ते कोलकात्याला गेले. तिथे आणि जपानमध्ये एका साध्या चाचणीवर काम चालू होते. जपानच्या केन्सुके मित्सुदा यांनी १९१९ मध्ये ती मांडली होती. रुग्णाच्या गाठीतले जंतू उकळून मारायचे, त्यांचा अर्क हाताच्या त्वचेत टोचायचा आणि तीन-चार आठवडे थांबायचे. धट्ट्याकट्ट्या माणसाच्या हातावर बहुधा गाठ उठे. एक-दोन बधिर चट्टे असलेल्या रुग्णालाही चांगली टणक गाठ येई. पण ज्याचे अंग जंतूंनी भरलेले, त्याच्या हातावर काहीच नाही. कातडी कोरी. ज्याला सर्वांत जास्त लागण झाली त्याच्याच शरीराला जंतूची ओळख पटत नव्हती! कोलकात्याच्या डॉ. धर्मेंद्र यांनी हा अर्क शुद्ध करून चाचणी सुटसुटीत केली. ती रोगाचे निदान करत नाही. शरीर जंतूला ओळखते का, एवढेच ती सांगते. पण पुढच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा धागा तिथून निघाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याच सुमारास वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे कुष्ठसेवेत उतरले होते. विदर्भात ती परंपरा आधीच होती. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले होते, सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत, आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले होते. बाबा आमटे अभ्यासक्रमासाठी कोलकात्याच्या त्याच शाळेत गेले. जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, म्हणून औषधांची चाचणी अडून बसली होती. बाबांनी आपले शरीर पुढे केले. त्यांच्या अंगात जंतू टोचले गेले. काही झाले नाही. डॅनियलसेनच्या बर्गेनमध्ये जे घडले तेच शंभर वर्षांनी कोलकात्यात घडले.

या प्रयोगाकडे आपल्याकडे त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते. ती आहेच. पण त्यागापलीकडे जाऊन बाबांच्या अंगात नेमके काय घडले असेल हे कुणी फारसे विचारत नाही, आणि मला ते विचारावेसे वाटते.

जंतू शरीरात शिरला की त्याला गिळायला भक्षक पेशी येतात. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी हे १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत पाहिले होते. भक्षक पेशी जंतूभोवती पडदा ओढून पिशवी करते, त्या पिशवीला आम्ल आणि पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू विरघळतो. बहुतेक जंतूंचा निकाल असा लागतो. कुष्ठजंतू मात्र मेणचट आवरण घेऊन येतो आणि त्या दोन पिशव्या एकत्र होऊ देत नाही. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा तो ज्या पेशीने खायचे तिच्यातच राहतो. तेही निवांत: एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, तर आतड्यातल्या साध्या जंतूला वीस मिनिटे पुरतात. म्हणून लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच-पाच, कधी वीस वर्षे जातात.

पण पेशीही आंधळी नसते. तिच्या पृष्ठभागावर टोल जातीचे ग्राहक-रेणू असतात. जंतूच्या आवरणातले मेदयुक्त प्रथिन त्यांना लागले की ते पेशीच्या केंद्रकापर्यंत इशारा पोचवतात. दुसरा पहारा पेशीद्रवात असतो. तिथला नॉड-२ नावाचा रेणू जंतूच्या भिंतीचा एक छोटा तुकडा ओळखतो, म्हणजे जंतू आत शिरून बसला तरी त्याच्या भिंतीचे कण त्याला उघडे पाडतात. मग पेशी जंतूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी-पेशी ते तपासतात. ओळख पटली की टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि मघाची हतबल भक्षक पेशी एकदम सक्रिय होऊन पोटातल्या जंतूला मारते. अशा पेशी जंतूभोवती कोंडाळे करतात. चाचणीत हातावर उठणारी टणक गाठ म्हणजे हेच कोंडाळे. सुमारे ९५ टक्के माणसांत हे इतके बिनबोभाट होते की जंतू येऊन गेल्याचे त्यांना कळतही नाही. बाबांच्या अंगात तेच झाले असणार. महारोग्याच्या सावलीला भिणाऱ्या गावातल्या बहुसंख्य लोकांच्या अंगातही पिढ्यानपिढ्या तेच होत आले होते.

उरलेल्यांत दोन टोके दिसतात. काहींच्या टी-पेशी जागतात पण उशिरा, आणि जंतू ज्या नसेत लपला तिच्यावरच तुटून पडतात. चट्टा एखादाच, जंतू मोजके, पण नस कायमची जाते. दुसऱ्या टोकाला टी-पेशी या एका जंतूपुरत्या मुक्या राहतात. तोच माणूस इतर जंतूंशी नीट लढतो, याच्याशीच नाही. त्याच्या भक्षक पेशी जंतूंनी आणि मेदाने फुगून फेसासारख्या दिसतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखॉव यांनी त्या एकोणिसाव्या शतकातच चितारल्या होत्या. हे मुकेपण कुठून येते याचा शोध दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. इंदिरा नाथ यांनी वर्षानुवर्षे घेतला.

नसांचे कोडे सोडवण्यात मुंबईचा वाटा मोठा. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अगदी कोवळ्या चट्ट्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वरून चट्टा फिकट, जवळजवळ निर्दोष दिसतो. आत मात्र जंतू त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंत शिरलेले आणि त्यांच्या वाटेने वर सरकणारे. रोग नसेत आधी घर करतो, त्वचेवर मग दिसतो, हे खानोलकरांनी ठासून सांगितले. नंतर जे. जे. रुग्णालयाचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांच्या संशोधन संस्थेत मज्जातंतूभोवतीच्या श्वॉन पेशींमध्ये हे जंतू वाढवून पाहण्याचे प्रयोग झाले. या पेशींचे काम नसेला गुंडाळून सांभाळण्याचे. परक्याला मारण्याचे हत्यार त्यांच्याकडे फारसे नाही, म्हणून जंतूला तिथे आयता आसरा मिळतो. त्यात त्याला गारवा आवडतो. कोपरामागची नस, मनगट, घोटा, कानाची पाळी, नाकाचे टोक, जिथे शरीर किंचित थंड तिथे तो ठाण मांडतो. कोपराची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या यात्रेत पसरलेल्या हातांमध्ये हीच दोन बोटे आधी वाकलेली दिसत.

औषधाची कथा पुन्हा डिचपल्लीच्या माणसाकडे येते. अमेरिकेत कारव्हिलला डॉ. गाय फॅजेट यांनी १९४१ मध्ये सल्फोन जातीचे औषध शिरेतून दिले आणि पहिल्यांदा जखमा खरोखर भरल्या. पण ते महाग होते. मद्रासजवळ चिंगलपेटला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्याचे मूळ द्रव्य, डॅप्सोन, इंजेक्शनने दिले. आणि डिचपल्ली सोडून नायजेरियात उझुआकोलीला गेलेल्या जॉन लो यांनी दाखवले की डॅप्सोनची छोटीशी गोळी तोंडाने घेतली तरी भागते. पैशा-दोन पैशांची गोळी! आश्रमांच्या भिंती खऱ्या अर्थाने निरुपयोगी झाल्या त्या या गोळीने.

१९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. कामाची पद्धत वर्ध्याहून आली. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली: रुग्णाने येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जायचे. तपासणी अगदी साधी. सदरा काढून पाठीवर उजेड घ्यायचा, फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा. जिथे टेकले तिथे बोट ठेव. चट्ट्याबाहेर बोट बरोबर जाते, चट्ट्यावर टेकवले की माणूस गप्प बसतो, कधी दोन इंच बाजूला बोट ठेवतो. मग कोपरामागे बोट घालून नस जाड झाली आहे का ते चाचपायचे. रक्ताची चाचणी नाही, यंत्र नाही.

डॅप्सोन जंतूला रोखते, पण पेशीत दडलेल्या जंतूला हळूहळूच संपवते, त्यामुळे गोळ्या वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्याव्या लागत. कापूस वेचायच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडणाऱ्या माणसाने त्या नेमाने कशा घ्यायच्या? १९६४ मध्ये मलेशियात डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सापडले आणि पुढे ते सगळीकडे दिसू लागले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. तेव्हा भारतात दर दहा हजारांमागे ५७.६ रुग्ण होते. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी देशात कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे लातूर जिल्ह्याचे वय आणि नव्या उपचाराचे वय जवळजवळ सारखेच.

महिन्याच्या गोळ्यांचे पाकीट आले. पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीचे घरी. रिफाम्पिसिनने लघवी लाल होई, ते आधी सांगावे लागे, नाहीतर माणूस घाबरून पाकीट फेकून देई. क्लोफॅझिमिनने कातडी काळपट-तांबडी पडे, आणि जो रोग कपड्याखाली लपला होता तो आता तोंडावर दिसू लागे. लग्नाच्या वयातल्या मुलींसाठी ही फार मोठी अडचण होती, आणि कार्यक्रमाच्या कागदांत तिला पुरेशी जागा मिळाली असे मला वाटत नाही.

याहून कठीण होता दुसरा प्रकार. औषधाने जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष पेशींतून निघायला वर्षे लागतात. इतकी वर्षे मुकी असलेली प्रतिकारशक्ती मध्येच जागी होते. ताप, लाल दुखऱ्या गाठी, एका रात्रीत सुजलेली नस, लुळा पडलेला हात. रुग्ण म्हणतो, औषधानेच वाढले. शेजारी म्हणतात, सांगितले होते ना. अशा वेळी गोळ्या चालू ठेवून स्टिरॉइड द्यावे लागते, तेही वेळेवर. काही महिन्यांचा उशीर झाला की नस परत येत नाही.

लसीचेही प्रयत्न झाले, तेही मुंबईत. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. बापट आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये एका रुग्णाच्या गाठीतून जंतूची एक जात वेगळी केली, डॉ. कमल रणदिवे त्या कामात होत्या, आणि डॉ. माधव देव यांनी तिच्यापासून लस तयार केली. तिचा हेतू थेट होता: मुक्या टी-पेशींना ओळख पटवून देणे. दक्षिण भारतात सुमारे १ लाख ७० हजार लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. या लसीने ६५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिले, नुसत्या बीसीजीने ३४ टक्के. पण तोवर तीन औषधांनी रुग्णसंख्या झपाट्याने घसरली होती आणि लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही.

जंतू प्रयोगशाळेत का वाढत नाही याचे उत्तर २००१ मध्ये मिळाले. तमिळनाडूतल्या एका रुग्णाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. चालू जनुके सुमारे १,६००, आणि अकराशेहून अधिक मोडकी. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद पेशीत राहून इतका आळसावला की स्वतःचे अन्न-पाणी करायची बरीच हत्यारे त्याने गमावली. पेशीबाहेर त्याला संसारच जमत नाही. २००९ मध्ये चीनमधल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दिसले की कुणाला कुष्ठरोग होतो याच्याशी नॉड-२ च्या जनुकातले बारीक फरक जोडलेले आहेत. डॅनियलसेन यांचे म्हणणे त्या अर्थी अगदीच वाया गेले नाही: जंतू आनुवंशिक नसतो, पण त्याला ओळखण्याची ताकद थोडीफार वाडवडिलांकडून येते.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली गेले आणि ‘निर्मूलन’ जाहीर झाले. त्या सुमारास घरोघर जाणे मंदावले, स्वतंत्र पथके सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, आणि काही वर्षांनी पुन्हा शोधमोहिमा काढाव्या लागल्या. २०२२ मध्ये जगात सुमारे १ लाख ७४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १ लाखाहून अधिक भारतातले. नांदेडजवळच्या नेरली कुष्ठधामात आजही वस्ती आहे. आता रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. बांगलादेशातल्या चाचणीत या एका डोसाने पहिल्या दोन वर्षांतला धोका ५७ टक्क्यांनी कमी झाला होता. मोहिमेत आशाताई पाठ, दंड, मांड्या पाहतात आणि संशयित नाव लिहून घेतात. त्यांत एखादे शाळकरी पोर निघाले तर कुष्ठरोग तंत्रज्ञ त्याच्या चट्ट्यावर थांबत नाही. एवढ्या लहान वयात रोग दिसला म्हणजे जंतूंनी भरलेला, जखम नसलेला, कुणाच्याही नजरेत न आलेला मोठा माणूस याच घरात किंवा गल्लीत आहे, असे धरून तो आधी आजोबांचा सदरा काढायला सांगतो.